मेगावॉटची मोजदाद आणि भिलाईची संध्याकाळ

२४ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे छत्तीसगडमधील अनेक प्रकल्पांचे लोकार्पण आणि पायाभरणी केली. त्यांत विजेचे तीन प्रकल्प होते. भिलाई येथील रेल्वेचा ५० मेगावॉटचा सौर प्रकल्प, खर्च सुमारे २८० कोटी रुपये. राजनांदगाव जिल्ह्यातील सौर प्रकल्प, खर्च सुमारे ९०० कोटी. आणि रायगड जिल्ह्यातील लारा येथे एनटीपीसीचे औष्णिक केंद्र, ज्याचा १६०० मेगावॉटचा पहिला टप्पा राष्ट्राला अर्पण झाला व तेवढ्याच क्षमतेच्या, सुमारे १५,५३० कोटी रुपयांच्या दुसऱ्या टप्प्याची कोनशिला बसली. पहिले दोन प्रकल्प हरित ऊर्जेच्या सदरात मोडतात, तिसरा मोडत नाही, त्यामुळे बातम्यांमध्ये त्यांची ताटातूट होते. विज्ञानाच्या वाचकाने मात्र हे तिन्ही एकाच पानावर ठेवून वाचले पाहिजेत. पहिल्या दोन प्रकल्पांच्या बातमीत जो आकडा गाळला जातो, त्याच्यामुळेच तिसरा उभा राहतो.

हा आकडा संध्याकाळचा आहे.

भारतातील सौर प्रकल्पांची ओळख मेगावॉटमध्ये करून दिली जाते. मेगावॉट हे शक्तीचे एकक आहे, ऊर्जेचे नव्हे, हे दहावीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. बातमी लिहिणाऱ्याला आणि घोषणा करणाऱ्याला ते सोयीनुसार विसरता येते. नळाची तोटी किती इंची आहे हे सांगितल्याने टाकीत किती पाणी पडले ते कळत नाही, आणि पाणी कोणत्या वेळी आले हे तर मुळीच कळत नाही. पाणी रात्री दोन वाजता येत असेल तर तोटीच्या रुंदीचे कौतुक घरातल्या बाईला सांगून पाहावे!

भिलाईच्या प्रकल्पाबाबत सांगितले गेले की ही वीज रेल्वेगाड्या चालवण्यासाठी उपयोगी पडेल. हे खोटे नाही. परंतु यातून 'सूर्यावर धावणारी गाडी' असे जे चित्र उभे राहते ते तपासून घेण्याजोगे आहे. भिलाईसोबत रेल्वेने मध्य प्रदेशातील बीना येथे १.७ मेगावॉटचा एक प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला होता. त्यातील एकदिश विद्युतप्रवाहाचे एककला प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करून तो थेट गाडीच्या माथ्यावरील २५,००० व्होल्टच्या तारेला जोडण्यात आला. तांत्रिकदृष्ट्या तो खरोखरच नावीन्यपूर्ण होता, आणि तेथे सूर्य आणि गाडी यांचे नाते प्रत्यक्ष आहे. भिलाईचे तसे नाही. भिलाईची वीज केंद्रीय पारेषण जाळ्यात जाते. जाळ्यात गेलेल्या विजेला गोत्र नसते. कोरब्याचा कोळसा, कोयनेचे पाणी आणि भिलाईचे ऊन तेथे एकाच वारंवारितेत मिसळतात. रेल्वेला त्या विजेचे श्रेय मिळते ते हिशेबाच्या वहीत. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून कोणी किती वीज घातली आणि कोणी किती उचलली याची नोंद होते, ती ही वही. छत्तीसगड, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि गोवा यांच्या समाईक जाळ्याचा तोल मुंबईतील पश्चिम विभागीय भार प्रेषण केंद्र सांभाळते. म्हणजे भिलाईत ढग आला तर त्याची दखल मुंबईत घ्यावी लागते.

ही वही प्रामाणिकपणे वाचली तर काय दिसते? ५० मेगावॉटच्या प्रकल्पाचा क्षमता-वापर गुणांक १९ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान धरला, तर वर्षाला ८ ते ११ कोटी युनिट मिळतील. जुलै २०२० मध्ये रेल्वेने स्वतःची वार्षिक गरज सुमारे २,००० कोटी युनिट असल्याचे आणि ती २०३० पर्यंत ३,३०० कोटींवर जाणार असल्याचे सांगितले होते. भिलाईचा वाटा त्या वेळच्या गरजेच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. हे प्रमाण लहान आहे म्हणून प्रकल्प निरर्थक ठरत नाही. सुरुवात कुठून तरी व्हावी लागते. पण त्याच निवेदनात भिलाईचा प्रकल्प ३१ मार्च २०२१ पूर्वी कार्यान्वित करण्याचे उद्दिष्ट दिले होते. लोकार्पण झाले फेब्रुवारी २०२४ मध्ये. मध्ये महासाथ होती, हे मान्य. तरीही २०३० पर्यंत रेल्वेच्या मोकळ्या जमिनींवर २० गिगावॉट सौर क्षमता उभारण्याची घोषणा ज्या निवेदनात होती, त्यातील ५० मेगावॉटच्या, म्हणजे उद्दिष्टाच्या चारशेव्या हिश्शाच्या वाटचालीला किती काळ लागला हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मुख्य आक्षेप मात्र विलंबाचा नाही आणि प्रमाणाचाही नाही. वीज कायद्याखाली आपल्याला मानीव वितरण परवानाधारकाचा दर्जा असल्याचा दावा रेल्वे करत आली आहे. म्हणजे या बाबतीत ती नुसती ग्राहक नसून सार्वजनिक वीज कंपनीसारखी वागू शकते आणि तसे वागण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. वीज कंपनीचे काम पॅनल बसवणे हे नव्हे. ग्राहक ज्या क्षणी कळ दाबील त्या क्षणी वीज देणे, हे तिचे काम. मालगाडी रात्री अकरा वाजताही चढ चढते. भिलाईचा पोलाद कारखाना तर रात्र ओळखतच नाही. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे अखंड चालते. तिच्यात तापवलेल्या हवेचा झोत थांबला, तर आतला रस गोठण्याची भीती असते. ज्या रुळांवर देशभर गाड्या धावतात ते रूळ येथे लाटले जातात, चोवीस तास. या कारखान्याला वीज पुरवण्यासाठी एनटीपीसी आणि सेल यांच्या संयुक्त कंपनीने २५० मेगावॉटचे दोन कोळशाचे संच उभारले आहेत. असे शहर सौरऊर्जेचे प्रतीक म्हणून निवडले जाते, तेव्हा प्रश्न आपोआप उभा राहतो: सूर्य मावळल्यावर काय?

आणि भिलाईत तो लवकर मावळतो. भारतात एकच प्रमाणवेळ असल्याने ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. भिलाई पूर्व रेखांश ८१.४ अंशाच्या आसपास, मुंबई ७२.९ अंशावर. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने भिलाईचा सूर्य घड्याळात मुंबईपेक्षा सुमारे ३४ मिनिटे आधी मावळतो. कच्छच्या रणाच्या तुलनेत तर पाऊण तासाहून अधिक आधी. म्हणजे मागणी चढत असते त्या वेळी छत्तीसगडचे सौर उत्पादन पश्चिमेच्या आधीच गळालेले असते. अक्षवृत्त, रेखावृत्त आणि प्रमाणवेळ या भूगोलाच्या पुस्तकातल्या गोष्टी वीजदरात अशा प्रकारे उतरतात.

भारतातील विजेची आजची अडचण दुपारची राहिलेली नाही. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटच्या उंबरठ्यावर पोहोचली आणि ती दिवसाउजेडी, सौर उत्पादनाच्या साह्याने भागवली गेली. ३१ जानेवारी २०२५ पर्यंत देशाची स्थापित सौर क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. हे यश निर्विवाद आहे. पण त्या १०० गिगावॉटमधून संध्याकाळी साडेसात वाजता मिळणारी वीज साठवणीचा अपवाद सोडला तर शून्य असते. दिवसा सौर वीज भरभरून येते तेव्हा कोळशाच्या संचांना उत्पादन खाली आणावे लागते. संध्याकाळी तासा-दोन तासांत तेच संच पुन्हा वर चढवावे लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी या संचांना आधी ५५ टक्के आणि पुढे ४० टक्के भारापर्यंत उतरण्याची क्षमता आणायला सांगितले आहे. बॉयलरच्या जाड पोलादी भिंतींना रोज असे तापणे-निवणे सोसत नाही, भागांची झीज वाढते, दर युनिटमागे कोळसाही अधिक लागतो. त्यातही मर्यादा अशी की संच पूर्ण बंद करता येत नाही, कारण संध्याकाळी तो हवाच असतो. संध्याकाळसाठी राखून ठेवलेला संच दुपारीही धगधगत राहतो आणि त्या प्रमाणात सौर विजेची जागा अडवतो. दिवसा वाचवलेल्या प्रत्येक युनिटामागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा वाचतो, हा लाभ खराच. परंतु कोळशाचे केंद्र वाचत नाही, आणि लाराचा दुसरा टप्पा ज्या कारणासाठी बांधला जात आहे त्यात संध्याकाळचा हिस्सा मोठा आहे.

येथे राजनांदगावचा प्रकल्प महत्त्वाचा ठरतो. भिलाईपासून राजनांदगाव जवळ, त्याच लोहमार्गावर नागपूरच्या दिशेने. भारतीय सौर ऊर्जा महामंडळ, म्हणजे 'सेकी', ही केंद्र सरकारची कंपनी एरवी निविदा काढते आणि खासगी उत्पादक व राज्यांच्या वितरण कंपन्या यांच्यामध्ये मध्यस्थाची भूमिका बजावते. राजनांदगावात तिने स्वतः मालक होऊन केंद्र उभे केले आणि त्याला ४० मेगावॉट, १२० मेगावॉट-तास क्षमतेच्या विजेऱ्या जोडल्या. म्हणजे दिवसभर साठवलेली वीज ४० मेगावॉटच्या दराने तीन तास सोडता येते. कार्यान्वित झाला तेव्हा सौर केंद्राला जोडलेला तो देशातील सर्वांत मोठा विजेरी-साठा होता.

या प्रकल्पाचे आकडे विद्यार्थ्यांनी स्वतः हाताळून पाहावेत, कारण त्यांत मेगावॉटची सारी गंमत उघडी पडते. पॅनलांची एकदिश क्षमता १५५.०२ मेगावॉट आहे, जाळ्यात जाणारी प्रत्यावर्ती क्षमता १०० मेगावॉट. दोन्ही आकडे खरे आहेत. मोठा हवा असेल तेव्हा पहिला सांगावा, सातत्य दाखवायचे असेल तेव्हा दुसरा. वार्षिक अपेक्षित उत्पादन २४.३५ कोटी युनिट. त्याला १०० मेगावॉटच्या पूर्णवेळ उत्पादनाने भागले तर वापर गुणांक २७.८ टक्के येतो आणि १५५ मेगावॉटने भागले तर १७.९ टक्के. एकच केंद्र, एकच ऊन. तोच हिशेब लाराशी लावला की आणखी मौज दिसते. बातमीत १०० आणि १६०० या आकड्यांची तुलना होते, म्हणजे सोळा पट. लाराच्या एका टप्प्याचा वापर ७५ टक्के धरला तर वर्षाला सुमारे १,०५० कोटी युनिट होतात, आणि सोळाचे त्रेचाळीस होतात.

आता दिवसाचा हिशेब. २४.३५ कोटींना ३६५ ने भागले तर दिवसाला सरासरी ६.६७ लाख युनिट. विजेऱ्यांत मावतात १.२ लाख. म्हणजे दिवसाच्या उत्पादनातील सुमारे १८ टक्के वाटा संध्याकाळी नेता येतो. अठरा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण हेच ते अठरा टक्के, जे कोळशाच्या केंद्राचा युक्तिवाद दुबळा करतात. उरलेले ब्याऐंशी टक्के कोळशाचे इंधन वाचवतात. हे अठरा टक्के कोळशाची गरज कमी करतात. या दोन लाभांत गुणात्मक अंतर आहे. बातमीत मात्र सर्व युनिटे एकाच पोत्यात भरली जातात.

लोकार्पणाच्या वेळी या प्रकल्पाच्या वीज-हिशेबापेक्षा झाडांचा हिशेब अधिक ठळकपणे मांडला गेला. पंचवीस वर्षांत ४८.७ लाख टन कार्बन डायऑक्साइड टळेल, हे ८८.६ लाख झाडांनी शोषलेल्या कार्बनइतके आहे, असे सांगण्यात आले. भागाकार केला तर एका झाडाच्या नावे वर्षाला २२ किलो येतात. साल, साग, बाभूळ, शहरातला गुलमोहोर, कालचे रोप आणि शंभर वर्षांचा वड, सर्वांना सरसकट बावीस किलो! वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेत असे उत्तर लिहिणाऱ्याला कोणी उत्तीर्ण करणार नाही. याहून गंभीर चूक दुसऱ्या भागाकारात आहे. ४८.७ लाख टनांना पंचवीस वर्षांच्या एकूण उत्पादनाने, म्हणजे सुमारे ६०९ कोटी युनिटांनी भागले तर दर युनिटमागे ०.८ किलो निघतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या नोंदींनुसार देशाच्या जाळ्याची सरासरी ०.७१ ते ०.७३ किलोच्या दरम्यान आहे. आणि हा आकडा पंचवीस वर्षे तसाच राहील असे गृहीत धरले आहे. म्हणजे २०४९ सालीही जाळे आजइतकेच, किंबहुना आजच्याहून अधिक, काजळलेले असेल असे मानून या प्रकल्पाचे पुण्य मोजले आहे. देश स्वतःच्या ध्येयानुसार स्वच्छ होत गेला, तर हा ४८.७ लाखांचा आकडा खोटा ठरेल. हा आकडा खरा ठरला तर ध्येय फसलेले असेल. ज्या दिवशी हा हिशेब मांडला गेला त्याच दिवशी १६०० मेगावॉट कोळशाची कोनशिला बसली, त्यामुळे कदाचित हिशेबनीसाला आपले गृहीतक फारसे चुकीचे वाटले नसावे.

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या मरोडा जलाशयावर १५ मेगावॉटचा तरंगता सौर प्रकल्प आखण्यात आला आहे. पाण्यावरील पॅनल थोडे थंड राहतात, बाष्पीभवन कमी होते, जमीन लागत नाही. कल्पना चांगली आहे, आणि सिलिकॉनच्या पॅनलची कार्यक्षमता तापमानाच्या दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते हे लक्षात घेतले तर दुर्गच्या मे महिन्यात ती विशेष उपयोगी. पण 'हरित पोलाद' असा शब्द या पाण्यावर तरंगत येईल तेव्हा सावध असावे. १५ मेगावॉटमुळे वर्षाला पंचवीस-तीस हजार टनांच्या घरात उत्सर्जन टळेल. भारतात झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद करताना साधारण अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि भिलाईचे उत्पादन वर्षाला पन्नास लाख टनांच्या वर आहे. कोटी टनांच्या पुढचे उत्सर्जन, त्यासमोर तीस हजार. पोलादाचा धूर मुख्यतः कोकमधून येतो, विजेतून नव्हे. तो विषय वेगळा, आणि त्याला जलाशय पुरणारा नाही.

साठवण महाग आहे, हा या सर्वांवरचा रूढ प्रतिवाद. २०२२ साली तो बिनतोड होता. त्या वर्षी सेकीने काढलेल्या स्वतंत्र विजेरी-साठ्याच्या निविदेत दर महिन्याला दर मेगावॉटमागे १०.८३ लाख रुपये भाडे निघाले. दोन तासांची विजेरी रोज एकदा वापरली तर महिन्याला ६० हजार युनिट होतात. म्हणजे नुसत्या साठवणीचेच युनिटमागे अठरा रुपये. २०२४ च्या अखेरीस राजस्थानातील निविदेत हेच भाडे सव्वादोन लाखांच्या आसपास आले. त्यात केंद्राच्या अर्थसाहाय्याचा वाटा आहे, हे नोंदवलेच पाहिजे. तरीही अठरा रुपयांचे पावणेचार रुपयांच्या आसपास झाले, आणि रोज दोनदा वापर झाला तर त्याच्या निम्मे. डिसेंबर २०२४ मध्ये सेकीच्या आणखी एका निविदेत २,००० मेगावॉट सौर क्षमतेसह १,००० मेगावॉट, ४,००० मेगावॉट-तास साठवण मागितली गेली आणि युनिटमागे सुमारे ३ रुपये ५२ पैसे दर आला. साठवण परवडत नाही हे वाक्य आता आकड्यांसह सिद्ध करावे लागेल, नुसते उच्चारून भागणार नाही. लिथियमचे घटक मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात, साठवताना आणि परत मिळवताना दहा-पंधरा टक्के वीज गमावली जाते, विजेऱ्या काही वर्षांत थकतात, आणि तीन तासांनी रात्र संपत नाही. हे चारही आक्षेप रास्त आहेत. यातल्या कोणत्याही आक्षेपातून साठवणीविना सौर केंद्रे बांधत राहावे असा निष्कर्ष निघत नाही.

धोरणाने मात्र नेमका असाच निष्कर्ष जवळजवळ काढला आहे. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने यापुढच्या सौर निविदांत स्थापित क्षमतेच्या किमान १० टक्के, दोन तासांची साठवण असावी असा सल्ला दिला. शब्दांत ही प्रगती आहे. आकड्यांत पाहावे: १०० मेगावॉटच्या केंद्राला १० मेगावॉट, २० मेगावॉट-तास. राजनांदगावच्या मानाने सहावा हिस्सा. दिवसाच्या उत्पादनाचे तीन टक्के. एका सरकारी कंपनीने विजेऱ्या महाग असताना जे करून दाखवले, त्याच्या सहाव्या हिश्शाला विजेऱ्या स्वस्त झाल्यावर नियमाचा मान मिळाला. किमान मर्यादा इतकी खाली ठेवली की बहुतेक राज्ये तिलाच कमाल समजतात, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. राजनांदगाव हा किमान निकष व्हायला हवा होता. त्याचे प्रदर्शनीय नमुन्यात रूपांतर झाले.

महाराष्ट्राच्या वाचकांनी याकडे शेजारचा विषय म्हणून पाहू नये. जाळे एकच आहे, आणि चुकाही सारख्याच आहेत. महानिर्मितीने धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ १२५ मेगावॉटचे सौर केंद्र २०१३ सालीच उभे केले होते. सार्वजनिक कंपनी सौर केंद्र बांधू शकते का, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला. पुढे काय झाले? २०२४ मध्ये महावितरणने ६,६०० मेगावॉटची एकत्रित खरेदी ठरवली: ५,००० मेगावॉट सौर, युनिटमागे २ रुपये ७० पैशांनी, आणि तिच्या जोडीला सुमारे १,६०० मेगावॉट नवी औष्णिक क्षमता. सरासरी दर ४ रुपये ८ पैसे. पुन्हा तोच १६०० चा आकडा! दिवसासाठी सूर्य, संध्याकाळसाठी कोळसा, आणि दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून सरासरी स्वस्त दाखवायची. या गाठोड्यात कोळशाच्या जागी साठवण किती बसली असती, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत पुरेसा आलाच नाही.

विजेरी प्रत्येक ठिकाणी हवीच, असा मात्र या टीकेचा अर्थ कोणी घेऊ नये. जेथे मागणीच दिवसाकडे सरकवता येते तेथे साठवणीचा खर्च हकनाक आहे. शेतीपंप हे याचे उत्तम उदाहरण. वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे २०२४ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील ३ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला आणि तेथील शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळू लागली. रात्री विंचू-सापांच्या भीतीत पाणी धरायला जावे लागत नाही, ही त्या ३ मेगावॉटची खरी किंमत. ती कोणत्याही मेगावॉटच्या तक्त्यात दिसत नाही. छत्तीसगडमध्येही १ नोव्हेंबर २०१६ पासून सौर सुजला योजनेखाली सौरपंप देण्यात आले. विहिरीत चढलेले पाणी हीच तेथे साठवण. तीन मेगावॉटच्या या छोट्या केंद्रामागे जेवढा विचार आहे तेवढा मोठमोठ्या उद्यानांमागे नसतो, कारण तेथे आधी मागणी पाहिली गेली आणि मग पॅनल बसले. भिलाईत आधी रिकामी जमीन पाहिली गेली.

साठवण म्हणजे लिथियमच, असेही नाही. महाराष्ट्राने घाटघर येथे सह्याद्रीच्या कड्याचा उपयोग करून २५० मेगावॉटचे उदंचन जलविद्युत केंद्र २००८ मध्येच सुरू केले. स्वस्त विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचे, महाग वेळी खाली सोडायचे. त्या काळी स्वस्त वीज रात्रीची असे, म्हणून पाणी रात्री चढे. आज स्वस्त वीज दुपारची आहे. यंत्रे तीच, पाणी तेच, फक्त वेळापत्रक उलटते. छत्तीसगडच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना उंच पठारे आहेत. मध्यभागी भाताचे सपाट मैदान, जेथे दुर्ग-भिलाई वसले आहे. जेथे डोंगर तेथे पाणी आणि जेथे मैदान तेथे विजेरी, एवढा साधा भूगोल निविदेत उतरवायला हरकत नव्हती.

सौर केंद्र बांधणाऱ्या सार्वजनिक कंपनीला विचारायचे प्रश्न मेगावॉटच्या पलीकडचे आहेत. वार्षिक युनिटे किती, त्यांतली सूर्यास्तानंतरची किती, आणि त्या युनिटांमुळे कोळशाचा कोणता संच बांधावा लागणार नाही. राजनांदगावच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देता येते, ते वर दिलेही आहे. साठवणीवाचून उभ्या राहिलेल्या भिलाईच्या ५० मेगावॉटबाबत दुसऱ्याचे उत्तर शून्य येईल. तिसऱ्या प्रश्नाला आज दोन्हीकडे उत्तर नाही, कारण तो घोषणेच्या आराखड्यातच नसतो. लाराच्या दुसऱ्या टप्प्याचे दोन संच पूर्ण झाले की त्यांच्या उभारणीचा खर्च स्थिर आकाराच्या रूपाने सुमारे पंचवीस वर्षे ग्राहकांच्या बिलात येत राहील, मग ते संच दुपारी पूर्ण भाराने चालोत की ५५ टक्क्यांवर खोळंबून राहोत. त्याच पंचवीस वर्षांच्या हिशेबात राजनांदगावच्या खात्यावर ८८.६ लाख झाडे जमा आहेत.